रिसबूडच्या चार प्रती

सुधन्वा रिसबूडला मूर्ख म्हणणं म्हणजे त्याचं कौतुक केल्यासारखं होईल. मूर्ख माणसाला निदान अधूनमधून शंका येते. मी रिसबूडला ओळखते त्या सगळ्या वर्षांत त्याला एकदाही, कशाचीही शंका आलेली मी पाहिली नाही.

त्याचे वडील सूर्यकांत रिसबूड मूळचे साताऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून दिल्लीला आले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. सरकारी क्वार्टरमध्ये संसार, मुलगा पहाडगंजच्या मराठी शाळेत. सुधन्वा अभ्यासात बरा होता. कॉम्प्युटरचा एक कोर्स करून तोही सरकारी खात्यात चिकटला. पगाराची बिलं छापणाऱ्या यंत्राशेजारी बसून कागद अडकला की तो सोडवायचा, हे त्याचं काम, आणि ते तो फार चोख करत असे, असं तोच सांगायचा. मग देशाची दारं उघडली. आपण जन्मतःच मॅनेजर आहोत असं ज्यांना ज्यांना वाटत होतं ते सगळे टाय बांधून गुडगावच्या दिशेनं निघाले. पंचाण्णव साली रिसबूडनंही पक्की नोकरी सोडली. वडील कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तो ते ‘जनरेशन गॅप’ म्हणून सांगत असे.

तो ज्या कंपनीत आला तिथे मी आर्किटेक्ट होते. लग्न होऊन पुण्याहून आले होते आणि मिळेल ते काम करायची माझी तयारी होती. कंपनीचं नाव सांगत नाही. मी असेपर्यंतच ते तीनदा बदललं आणि दर वेळी त्यात ‘ग्लोबल’ होतं. एका बिल्डरची ती नकाशे काढणारी शाखा. ऑफिसच्या खिडकीतून मोहरीची शेतं दिसत आणि शेतांमधून लोखंडी खांबांवर उभ्या असलेल्या, अजून न बांधलेल्या सोसायट्यांच्या पाट्या. नावं इटलीतली. ती ठरवणाऱ्यांपैकी कोणी इटली पाहिलेली नव्हती. मालक सभरवाल. घराण्याचा धंदा वीटभट्ट्यांचा. कॉम्प्युटरला तो ‘मशीन’ म्हणे आणि त्याच्यापासून चार हात लांब उभा राही, जणू ते अंगावर येईल.

अशा ठिकाणी रिसबूड सिस्टिम मॅनेजर झाला, आणि पहिल्या दिवसापासून तिथलाच वाटला.

आमचे नकाशे युनिक्सच्या एका सर्व्हरवर असत. डिस्क लहान, नकाशे मोठे. एक डिस्क भरली की रिसबूड त्यातलं एखादं फोल्डर उचलून, जिथे जागा असेल त्या दुसऱ्या डिस्कवर टाकायचा आणि जुन्या जागी एक सिम्बॉलिक लिंक करून ठेवायचा. लिंक म्हणजे नुसतं नाव. ते उघडलं की यंत्र तुम्हाला खऱ्या फाइलपाशी घेऊन जातं आणि तुम्हाला वाटतं, फाइल इथेच आहे. जागा जवळपास लागतच नाही. सोय उत्तम आहे, जगभर वापरतात. वापरणाऱ्यानं एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते, की खरी फाइल कुठे आहे. रिसबूडनं ती एक सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर तो नुसता गबाळा म्हणून खपला असता. पण त्याला कोणी पाहिल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नसे. सभरवालला सगळी कामं सेक्टरप्रमाणे लावलेली हवी होती, मार्केटिंगवाल्याला गिऱ्हाइकाच्या नावानं, हिशेब बघणाऱ्याला वर्षाप्रमाणे, साइटवाल्याला कंत्राटदाराप्रमाणे. रिसबूडनं चौघांना चार फोल्डर करून दिली. चौघांच्या फोल्डरमध्ये त्याच नकाशांच्या लिंका, फक्त लावणी वेगळी. काम चांगलं होतं, हे मी त्या वेळीही म्हटलं. सभरवालनं स्क्रीनवर ते पाहिलं आणि विचारलं की या चारही ठिकाणी तोच माल आहे का.

“जी सर,” रिसबूड म्हणाला, “चारों जगह.”

हे खोटं नव्हतं. पण सभरवालच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो काय समजून पसरला हे रिसबूडला दिसत होतं, मला दिसत होतं, चहा ठेवायला आलेल्या माणसालाही दिसलं असावं. सभरवालला वाटलं, प्रत्येक नकाशाच्या चार प्रती झाल्या. रिसबूडनं त्याला तसं वाटू दिलं. पुढच्याच आठवड्यात बँकेचे लोक आले तेव्हा सभरवालनं छाती फुगवून सांगितलं की आमचा डेटा चार ठिकाणी आहे, आणि शेजारी उभ्या रिसबूडनं मान डोलावली. त्यानंतर तो स्वतःच सांगू लागला. आधी बाहेरच्यांना, मग आम्हाला, मग लग्नाकार्यात भेटणाऱ्या मराठी मंडळींना. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात, बटाटेवड्याची प्लेट हातात धरून, तो एका डॉक्टरला समजावत होता की हिंदुस्थानात अजून लोकांना ‘बॅकअप कल्चर’ नाही.

बॅकअपची गोष्ट तर त्याहून वरची. दर शुक्रवारी तो सर्व्हरचा बॅकअप टेपवर घ्यायचा. आधीच्या माणसाला त्यात अख्खी संध्याकाळ जायची. रिसबूडचा बॅकअप त्याचा चहा संपायच्या आत व्हायचा, आणि एकाच टेपवर सगळं मावायचं. कारण तो सभरवालचं ते सुरेख लावलेलं फोल्डर टेपवर उतरवत असे. त्या फोल्डरात नकाशे नव्हतेच, लिंका होत्या. टेपवर उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळं सांगितलं नाही तर तो लिंक लिंक म्हणूनच उतरवतो, तिच्यामागची फाइल घेत नाही.

मला तेव्हा हे सगळं नीट कळत नव्हतं. पण एवढा मोठा ढीग एवढ्याशा टेपवर कसा मावतो, हे मी त्याला विचारलं.

“कॉम्प्रेशन,” तो म्हणाला. मग खुर्ची वळवून, फार प्रेमानं, “वीणा, तू नकाशे काढ. ते तू छान काढतेस.”

त्या दिवाळीला त्याला कंपनीचा सर्वोत्तम कर्मचारी म्हणून काचेचा एक मोर मिळाला.

याच सुमाराला द्वारकेचं काम आलं, आणि ते त्यानंच आणलं. सूर्यकांतकाका निवृत्त झाल्यावर त्यांच्यासारख्याच निवृत्त सरकारी नोकरांच्या एका सहकारी सोसायटीचे सचिव झाले होते. सोसायटीला द्वारकेत प्लॉट मिळाला होता. द्वारका म्हणजे तेव्हा धूळ आणि सेक्टरचे नंबर. सगळे सभासद साठीच्या पुढचे. आयुष्यभर सरकारी घरात राहिलेली ही माणसं पहिल्यांदा स्वतःच्या भिंती बांधत होती, आणि दर पंधरवड्याला डबे घेऊन बसनं आमच्या ऑफिसात येत. त्यांचा छळ वाटावा इतके ते प्रश्न विचारत. पण प्रश्न बरोबर असत.

पहिल्या नकाशात लिफ्टचं दार दोन मजल्यांच्या मधल्या चौथऱ्यावर उघडत होतं, म्हणजे लिफ्टमधून उतरून घरी जायला अर्धा जिना चढायचा. तसं केलं की बांधायला स्वस्त पडतं. काकांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, “मग लिफ्ट कशाला?” मी सगळे जिने नव्यानं मांडले, खांब सरकवले, स्ट्रक्चरल इंजिनिअरनं हिशेब परत केले. हिवाळा त्यातच गेला. नवा नकाशा सोसायटीनं आमच्या स्क्रीनवरच बघून मंजूर केला, आणि सोमवारी त्याच्या प्रती काढून मंजुरीला आणि साइटवर पाठवायच्या असं ठरलं. खोदकाम झालं होतं, कंत्राटदार खोळंबला होता.

त्याच सोमवारी सिंगापूरचे काही पाहुणे येणार होते. सभरवालला त्यांना सर्व्हर दाखवायचा होता. सर्व्हर म्हणजे एक राखाडी खोकं, पण त्याला ते दाखवायचं होतं. शुक्रवारी रिसबूड साफसफाईला बसला. एका डिस्कवर त्याला ‘पुराना२’ नावाचं भलंमोठं फोल्डर सापडलं. ते त्यानंच केलेलं होतं, दोन वर्षांपूर्वी, जागा कमी पडली तेव्हा. त्यानंतर आमचं निम्म्याहून जास्त काम त्यातच जाऊन साठत होतं, द्वारकेचं सगळं त्यात होतं. पण नाव जुनाट, जागा अडलेली, आणि वर चार सुंदर फोल्डरांत सगळं नीट दिसतंय. रिसबूडनं ते पुसलं. युनिक्समध्ये पुसलं की पुसलं. कचऱ्याची टोपली नसते.

सोमवारी सकाळी मी द्वारकेचा नकाशा उघडायला गेले. नाव जागच्या जागी होतं. उघडेना. यंत्र म्हणत होतं, अशी फाइलच नाही. दुसरा उघडला, तेच. शेजारच्या टेबलावरही तेच चाललं होतं. शेकडो नावं, एकाखाली एक, सुबक लावलेली, आणि त्यांच्यामागे काही नाही.

रिसबूड म्हणाला नेटवर्क स्लो आहे. मग म्हणाला, घाबरायचं कारण नाही, चार ठिकाणी आहे. त्यानं मार्केटिंगचं फोल्डर उघडलं, मग हिशेबाचं, मग साइटचं. चारही ठिकाणी तेच उत्तर. तेव्हाही त्याचा चेहरा शांत होता. त्यानं कपाटातून टेप काढली, चढवली आणि आम्ही सगळे मागे उभे राहिलो. टेप लगेच उतरली. स्क्रीनवर पुन्हा तीच नावं आली, आणि एकही उघडलं नाही. त्याआधीची टेप, त्याआधीची. दोन वर्षांच्या शुक्रवारांची नावं त्यानं आमच्यासमोर उलगडली.

मी माझ्या यंत्रावरही काही ठेवलं नव्हतं. सुरक्षेच्या नावाखाली त्यानं ते बंद केलं होतं.

काय झालं ते कळायला फार वेळ लागला नाही. त्याच्या यंत्रावर शुक्रवारची खिडकी उघडीच होती आणि ‘पुराना२’ पुसायचा हुकूम तिथे त्यानं टाइप केला तसा दिसत होता. मी तो सभरवालला दाखवला. पण रिसबूड माझ्याआधी केबिनमध्ये जाऊन आला होता. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत एका व्हायरसची बातमी गाजत होती. तो विंडोजच्या यंत्रांवर येत असे; आमच्या सर्व्हरला तो लागू शकतच नव्हता. सभरवालला हे मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग मला दार लावायला सांगून तो म्हणाला की व्हायरस आला तर सोसायटीवाले समजून घेतील, आपल्या माणसानं पुसलं म्हटलं तर नुकसानभरपाई मागतील, तेव्हा व्हायरसच होता. वीटभट्टीवाला असला तरी त्याला सत्य कळलं होतं, आणि किती किमतीचं आहे तेही.

द्वारकेच्या नव्या जिन्यांचं काम परत करायचं तर इंजिनिअरला परत पैसे द्यावे लागले असते. साइटवर पहिल्या नकाशाच्या प्रती होत्याच, मंजुरीही त्यालाच होती. सभरवालनं त्यावर बांधायला सांगितलं. सोसायटीला पत्र गेलं. म्हातारी माणसं भाड्याच्या घरांत कंटाळली होती, आणखी एक वर्ष थांबायची कोणाची तयारी नव्हती. त्यांनी मान्य केलं. मी त्याच महिन्यात नोकरी सोडली. रिसबूडला अँटिव्हायरससाठी वेगळं बजेट मिळालं.

पुढे दोन वर्षांत तो एका परदेशी कंपनीत ‘डेटा’ असं काहीतरी लांबलचक पद घेऊन गेला. गुडगावात काचेचा टॉवर, कंपनीची गाडी. व्हायरसच्या संकटातून एक अख्खी कंपनी कशी वाचवली, हे त्यानं मुलाखतीत सांगितलं होतं म्हणे.

द्वारकेत लोक राहायला आले. लिफ्ट मधल्या चौथऱ्यावर थांबते. मी एकदा काकांना भेटायला गेले तेव्हा ते कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर चढत होते. वर दार उघडं होतं, आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. घरात बसल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

“वीणा, व्हायरस होता का?”

मी नाही म्हणाले. मग जे झालं ते सगळं सांगितलं. लिंक म्हणजे काय तेही सांगितलं. ते फायलींमध्ये जन्म काढलेले गृहस्थ, त्यांना एकदाच सांगावं लागलं.

“म्हणजे कपाटात चिठ्ठी,” ते म्हणाले, “की फाइल अमक्या सेक्शनमध्ये आहे. आणि यानं त्या सेक्शनमधली फाइल फाडली.”

“हो.”

“चार कपाटांत चिठ्ठ्या होत्या म्हणून चार फायली आहेत असं सांगत होता.”

“हो, काका.”

नंतर त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली.

सोसायटीच्या वार्षिक सभेला मला त्यांनी मुद्दाम बोलावलं. सोसायटीची वेबसाइट सुरू होणार होती आणि तिचं उद्घाटन करायला प्रमुख पाहुणे म्हणून समितीनं सुधन्वा रिसबूडला बोलावलं होतं. घरचाच माणूस, मोठ्या हुद्द्यावर. मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोशांचा वास. रिसबूडनं माउस दाबला, पडद्यावर इमारतीचा फोटो आला, टाळ्या झाल्या. मग तो बोलला. माहितीच्या युगाविषयी, जबाबदारीविषयी. डेटा एका ठिकाणी ठेवणं म्हणजे गुन्हा आहे, असंही तो म्हणाला.

सचिव म्हणून आभार काकांनी मानायचे होते. ते उभे राहिले. सभासद सगळ्या प्रांतांतले, म्हणून ते हिंदीत बोलले, मंत्रालयातल्या त्यांच्या सवयीच्या सावकाश हिंदीत. ते म्हणाले की आपल्या लिफ्टचा नवा नकाशा व्हायरसमुळे गेला असं आपल्याला पत्र आलं होतं. ते पत्र खोटं होतं. नकाशा प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं पुसला, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती, आहे असं ते दोन वर्षं सांगत होते तरी. ते माझे चिरंजीव आहेत. हे काम त्यांच्या कंपनीला द्यावं असं मी सुचवलं होतं, म्हणून सभेला हे सांगणं माझं काम आहे. सचिवपदाचा राजीनामा मी आज देतो आहे.

मी तेव्हा खुर्च्यांकडे पाहत होते. ही सगळी माणसं रोज अर्धा जिना चढत होती. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली होती, एकीचा नवरा तर खुर्चीसकट उचलून न्यावा लागत असे. मला वाटलं आता कोणीतरी उठेल. एक निवृत्त उपसचिव उठले. ते म्हणाले, रिसबूडजी फार भावुक झाले आहेत, राजीनामा मंजूर करू नये. दुसऱ्यानं विचारलं की वेबसाइटवर मेंटेनन्सचं बिल दिसेल का. मागून कोणीतरी म्हणालं, “चलो जी, चाय ठंडी हो रही है.” आणि मग प्रमुख पाहुण्यांसाठी पुन्हा टाळ्या झाल्या. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? शाल दिली, नारळ दिला.

गाडीपाशी रिसबूड मला भेटला. शाल त्याच्या हातावर होती. तो रागावला नव्हता. वडिलांचं वय झालंय, म्हणाला, कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. ते कोणी भरवलं हे त्याला माहीत होतं, तरी तो माझ्याशी गोड बोलत होता. मी विचारलं की त्यानं काय पुसलं ते त्याला खरंच आठवत नाही का.

“वीणा,” तो म्हणाला, “चार कॉपी होत्या. चारही एकदम गेल्या. एक माणूस चार ठिकाणचं कसं पुसेल? लॉजिकली विचार कर ना यार.”

त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की तो खोटं बोलत नाहीये. इतकी वर्षं मी त्याला लबाड समजत होते, तेही मी त्याला उगाचच बहाल केलेलं होतं. लबाडाला खरं काय ते माहीत असतं.

काकांनी राजीनामा मागे घेतला नाही. नवीन सचिव झाले ते उपसचिव, आणि पहिल्या बैठकीत त्यांनी मंडपाच्या बिलाला मंजुरी दिली. सुधन्वानं वडिलांना गुडगावच्या आपल्या फ्लॅटमध्ये राहायला बोलावलं, दोनदा गाडी पाठवली. ते गेले नाहीत. तो रविवारी येतो, कंपनीविषयी बोलतो, ते त्याला पोहे करून घालतात आणि ऐकून घेतात. मागे एकदा मी काकांना विचारलं की त्या दिवशी सभेत बोलून काय मिळालं. ते शेंगा सोलत होते.

“सभेला सांगितलं,” ते म्हणाले. “सभेनं चहा घेतला.” आणि सोललेले दाणे त्यांनी माझ्याकडे सरकवले.